आधी कारण शोधा, मग पैसे मोजा



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सातपूरच्या एका ताईंचा सकाळीच फोन आला. "जयभीम भाऊ. आमच्या घरचा कॉम्प्युटर गेला हो. पोरीची परीक्षा महिन्यावर आली आणि पडदा नुसता काळा. दुकानात दाखवला तर म्हणाले, मदरबोर्ड गेला, जुने मॉडेल आहे, आता नवीनच घ्या. पस्तीस हजार सांगितले. बचतगटातून कर्ज उचलायचे ठरवले आहे. फक्त एकदा तुम्हाला विचारावे म्हटले."

मी विचारले, "ताई, दुकानात पेटी उघडून पाहिली का?"

"नाही. वायर लावली, बटण दाबले आणि सांगितले."

"मग आज कर्ज उचलू नका. संध्याकाळी येतो. तोवर मुलीला एक नवा पांढरा खोडरबर आणून ठेवायला सांगा."

ताईंना वाटले, भाऊ थट्टा करत आहेत. पण त्या संध्याकाळी घडले ते सर्व वाचकांच्या उपयोगाचे आहे, म्हणून या वेळचा लेख घरच्या संगणकावर. आपल्या पुष्कळ घरांत असा संगणक आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज, मुक्त विद्यापीठाचा अभ्यास, स्पर्धा परीक्षेचा सराव, सारे त्याच्यावर चालते. तो बंद पडला की घरातल्या एका मुलाचे वर्ष धोक्यात येते. म्हणून हा विषय केवळ यंत्राचा नाही.

"हात लावू नकोस, बिघडेल!"

ताईंच्या घरचा संगणक २०१५ साली घेतलेला. ताईंच्या यजमानांनी कंपनीच्या बोनसमधून आणलेला. दहा वर्षे त्यावर भरतकामाचे कापड घातलेले होते. बाहेरून रोज पुसलेला, पण आतून एकदाही उघडलेला नाही. मुलीने लहानपणी एकदा स्क्रू-ड्रायव्हर घेतला होता, तेव्हा घरचे सगळेच ओरडले होते, "हात लावू नकोस, बिघडेल!"

वाचकहो, "हात लावू नका" हे शब्द आपल्या समाजाने पिढ्यान् पिढ्या ऐकले आहेत. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याला हात लावून दाखवला. आपल्या याच नाशिकमध्ये २ मार्च १९३० पासून काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि कर्मवीर दादासाहेब गायकवाडांसारख्यांनी तो वर्षानुवर्षे चालवला. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी बंद दारापुढे लाठ्या खाल्ल्या, त्यांच्या नातवंडांनी चार स्क्रूंच्या पत्र्याच्या पेटीला घाबरावे काय?

यंत्राविषयी बाबासाहेबांचे मत स्पष्ट होते. 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले' या १९४५ सालच्या ग्रंथात त्यांनी यंत्राची बाजू घेतली आहे. यंत्रामुळे माणसाला कष्टातून फुरसत मिळते आणि फुरसत मिळाली तरच तो विचार करू शकतो. दोष यंत्राचा नसतो, ते कोणाच्या हाती आहे आणि समाजाची रचना कशी आहे याचा असतो, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा यंत्र आपल्या हाती आले असेल तर त्याची माहितीही आपल्या हाती यायला हवी.

पेटीत असते तरी काय?

संध्याकाळी मी पोहोचलो तेव्हा मुलगी खोडरबर घेऊन तयार होती. मी तिला म्हणालो, "बेटा, मी हात लावणार नाही. मी सांगतो, तू कर." ताई दारात उभ्या राहून काळजीने पाहत होत्या.

पहिला नियम : वीजपुरवठ्याची वायर भिंतीतून काढायची. नुसते बटण बंद करून भागत नाही. वायर काढल्यावर संगणकाचे बटण चार-पाच सेकंद दाबून धरायचे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. मग पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा, कारण आपल्या अंगावरच्या स्थिर विजेने नाजूक भाग खराब होऊ शकतात.

मागचे दोन स्क्रू काढून बाजूचा पत्रा सरकवला. आतमध्ये बोटभर धूळ! पण धुळीखाली पाहिले तर मोजके पाच-सहा भाग. कोपऱ्यातला पंख्याचा डबा म्हणजे एसएमपीएस. तो घरची वीज कमी दाबाची करून सर्वांना वाटतो. मोठी हिरवी पाटी म्हणजे मदरबोर्ड. त्यावर पंख्याखाली दडलेला प्रोसेसर, हे हिशेब करणारे डोके. उभी खोचलेली पट्टी म्हणजे रॅम. विद्यार्थी गणित सोडवताना पाटीवर मांडतो, तशी ही कामापुरती पाटी. वीज गेली की कोरी. आणि सर्व कायमचे साठवणारे कपाट म्हणजे हार्ड डिस्क.

मुलगी म्हणाली, "काका, एवढेच?" होय, एवढेच. घरच्या संगणकाचा बहुतेक बिघाड या पाच-सहा जागांपैकी एका जागी असतो. प्रश्न फक्त कोणत्या, हे शोधण्याचा.

कालामांना दिलेला उपदेश आणि बंद संगणक

केसपुत्त गावच्या कालामांना भगवान बुद्धांनी सांगितले, की केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही मान्य करू नका. स्वतः पारखून पाहा. आणि कारणाशिवाय कार्य घडत नाही, ही तर धम्माची पायाभूत शिकवण. बंद पडलेल्या संगणकापुढे नेमके हेच करायचे असते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय फरक पडतो ते पाहायचे. एकदम चार गोष्टी बदलल्या तर संगणक सुरू झाला तरी कारण कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा अंधार.

ताईंच्या संगणकाची लक्षणे अशी होती : बटण दाबल्यावर दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडद्यावर काहीच येत नाही. म्हणजे वीज आत पोहोचते आहे. पडद्याची वायर काढून पुन्हा घट्ट बसवली. फरक नाही. मग रॅमची पाळी. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या दाबून पट्टी बाहेर काढली. तिच्या कडेला सोनेरी दात असतात. ते काळवंडलेले होते. पावसाळ्याच्या दमट हवेत असे पुष्कळदा होते. पट्टी पेटीपासून दूर धरून मुलीने खोडरबरने दात हळुवार घासले, कोरड्या कापडाने भुकटी पुसली, खाचेतली धूळ मऊ कोरड्या ब्रशने काढली आणि 'टक्' असा आवाज करीत खिट्ट्या बसेपर्यंत पट्टी दाबली.

वायर लावली. बटण दाबले. दोन क्षण काहीच नाही. आणि मग पडद्यावर अक्षरे उमटली!

ताईंच्या डोळ्यांत पाणी आले. पस्तीस हजारांचा बिघाड दोन रुपयांच्या खोडरबरने गेला होता.

मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. दर वेळी असे होत नाही. कधी मदरबोर्ड खरोखरच गेलेला असतो आणि दुकानदार खरे सांगत असतो. तक्रार एवढीच, की पेटी न उघडता निदान केले गेले आणि ते न विचारता मान्य केले गेले. डॉक्टरने नाडी न पाहता ऑपरेशन सांगितले तर आपण दुसऱ्या डॉक्टरकडे जातोच ना?

लक्षण पाहा, जागा ओळखा

पुढील गोष्टी कापून भिंतीवर लावाव्यात अशा आहेत.

दिवाच लागत नाही, पंखाही फिरत नाही : आधी भिंतीतल्या सॉकेटवर दुसरे उपकरण लावून पाहा. यूपीएस असेल तर तो बाजूला काढून थेट जोडा, कारण यूपीएसची बॅटरी काही वर्षांत संपते. एसएमपीएसच्या मागे एक छोटे बटण असते, ते चुकून बंद झालेले नाही ना? एवढे करून हालचाल नसेल तर एसएमपीएसवर संशय घ्या. ओळखीच्याकडचा चांगला एसएमपीएस लावून पाहता येतो. पण एसएमपीएसचा डबा स्वतः कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही त्यात जिवावर बेतेल एवढी वीज साठलेली राहू शकते.

पंखा फिरतो, पडदा काळा : पडद्याची वायर, मग रॅम. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा, खाचाही बदलून पाहा. वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर पडद्याची वायर त्या कार्डालाच जोडलेली हवी.

सुरू होतो आणि थोड्या वेळाने आपोआप बंद पडतो : बहुधा उष्णता. प्रोसेसरवरचा पंखा धुळीने गच्च झालेला असतो किंवा त्याखालचा थर्मल पेस्टचा लेप वाळलेला असतो.

रोज तारीख-वेळ चुकते : मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराचा तीन व्होल्टचा सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. तो बदला. काम किरकोळ आहे, पण तारीख चुकीची असली की अनेक संकेतस्थळे उघडतच नाहीत, आणि अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी मोठा घोटाळा होतो.

डिस्क सापडत नाही असा संदेश येतो : आधी पाहा, पेन ड्राइव्ह लावलेला राहिला आहे काय? तो काढा. नंतर डिस्कच्या दोन्ही वायरी घट्ट बसवा.

हार्ड डिस्कमधून टक्-टक् असा आवाज येतो : दुसरे काहीही करत बसू नका. प्रमाणपत्रे, फोटो, अभ्यासाच्या फाइली ताबडतोब दुसरीकडे उतरवून घ्या. डिस्क पुन्हा मिळते, आत साठवलेले परत मिळेलच असे नाही.

जुन्याला नवा जोर

संगणक सुरू झाला, पण भारीच मंद. बटण दाबून चहा करून यावे, तरी तो अजून उठतोच आहे. मुलीने विचारले, "काका, याला काही करता येईल?"

येते. हार्ड डिस्कच्या आत एक तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरते आणि एक सुई हवी ती जागा शोधत धावते. वेळ जातो तो या धावपळीत. त्याऐवजी एसएसडी लावली तर त्यात फिरणारा एकही भाग नसतो. जुन्या संगणकाला सर्वांत जास्त गुण येतो तो या एका बदलाने. अभ्यासाच्या कामाला २५६ जीबीची एसएसडी पुरते. जुनी डिस्क जड फाइली ठेवायला तशीच राहू द्यावी.

दुसरा बदल रॅमचा. चार जीबीचे आठ जीबी केले की एकाच वेळी दोन-चार कामे चालतात. पण नीट पाहून घ्या : डीडीआर ३, डीडीआर ४ आणि डीडीआर ५ या पट्ट्यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात. एकीची जागा दुसरीला चालत नाही. दुकानात जाताना जुनी पट्टी काढून सोबत न्या, म्हणजे फसगत होत नाही.

ताईंनी कर्जाचा अर्ज मागे घेतला. घरातल्या शिलकीतून एसएसडी आणि रॅमची एक पट्टी आणली. दोन्ही मुलीनेच बसवली. आता पाणी उकळण्याच्या आत संगणक तयार असतो.

१४ ऑक्टोबरचा आणखी एक अर्थ

१४ ऑक्टोबर म्हटले की आपल्याला १९५६ सालची नागपूरची दीक्षाभूमी आठवते. योगायोग असा, की मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार थांबवला तोही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. त्या दिवसानंतर संगणक बंद पडला नाही, पण सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या नेहमीप्रमाणे मिळणे थांबले. घरगुती वापरणाऱ्यांनी नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत त्या मिळतील, अशी सोय कंपनीने जाहीर केली.

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय, किमान चार जीबी रॅम आणि कंपनीच्या यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा. ताईंचा संगणक चौथ्या पिढीचा. म्हणजे यंत्र धडधाकट, पण नियमात बसत नाही! असे संगणक घरोघर आहेत आणि "आता हा भंगारात टाका" असा सल्ला त्यांना मिळतो.

दुसरी वाट आहे. लिनक्स ही प्रणाली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केली. तिची रचना जगाला खुली आहे. कोणीही पाहावी, शिकावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी. लिनक्स मिंट किंवा उबुंटू या तिच्या प्रकारांसाठी पैसे मोजावे लागत नाहीत आणि जुन्या यंत्रावरही त्या चालतात. लिब्रे ऑफिसमध्ये लिहिणे आणि हिशेब होतात, वर्डच्या फाइली उघडतात, मराठीही लिहिता येते. ज्ञान कुलपात ठेवायचे नाही, हे तिचे तत्त्व आपल्याला परके वाटू नये. मात्र टॅलीसारखी काही कामे विंडोजवरच होतात. तसे काम असेल तर दोन्ही प्रणाली एकाच संगणकात ठेवता येतात. प्रणाली बदलण्यापूर्वी सर्व फाइलींची प्रत दुसरीकडे काढलीच पाहिजे.

महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचे खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर वाचायला मिळतात. ते वाचायला नवाकोरा संगणक लागत नाही. ताईंच्या मुलीने पहिल्याच आठवड्यात पहिला खंड उतरवून घेतला.

नवीन घ्यायचाच असेल तर

मदरबोर्ड खरोखरच गेला असेल तर नवीन जोडणी करावी लागते. तेव्हाही सगळे फेकू नका. पडदा, कळफलक, माउस, एसएसडी आणि चांगली पेटी पुढे चालतात. प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांची बैठक जुळणारी हवी, रॅम मदरबोर्डला चालणारी हवी. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' अक्षर असते, त्यात पडद्याची सोय नसते. वेगळे कार्ड घ्यावे लागते. स्वस्त म्हणून नकली एसएमपीएस घेऊ नका. तो जाताना इतरांनाही घेऊन जातो.

एम. जी. रोडवरच्या दोन-तीन दुकानांतून प्रत्येक भागाचा भाव लिहून घ्या. मुंबईत कामाला जाणारे लॅमिंग्टन रोडवरही विचारू शकतात. भाव सतत बदलतात, म्हणून तुलना एकाच दिवशी करा. जीएसटीचे पक्के बिल घ्या आणि त्यावर भागांचे अनुक्रमांक लिहून घ्या. "बिल नको, कमी करतो" या बोलण्याला भुलू नका. वॉरंटीच्या वेळी तोच कागद उपयोगी पडतो. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

आणि जे भंगारात जाईल त्याची काळजी घ्या. जुन्या फुगीर पडद्याच्या काचेत शिसे असते. तांब्यासाठी वायरी जाळल्या तर विषारी धूर निघतो. तो धूर कोणाच्या छातीत जातो? भंगाराच्या धंद्यात राबणाऱ्या आपल्याच बांधवांच्या आणि त्यांच्या लेकरांच्या. म्हणून ई-कचरा अधिकृत संकलकाकडेच द्यावा.

विहारात एक जुनी पेटी

दसऱ्याला अनेक ठिकाणी यंत्राला झेंडू वाहतात, हळदकुंकू लावतात. ती पूड आत गेली तर पंख्याला त्रासच. त्या दिवशी आपली अशोक विजयादशमी असते. सकाळी बुद्धवंदना झाल्यावर घरातल्या मुलामुलींनी वायर काढून, पेटी उघडून, ब्रशने धूळ काढावी. वर्षातून एकदा एवढे केले तरी निम्मे बिघाड टळतील, असा माझा अनुभव आहे.

आणखी एक सूचना. प्रत्येक विहारात एक बंद पडलेला संगणक ठेवावा. रविवारी मुलांनी तो खोलावा, भाग ओळखावेत, पुन्हा जोडावा. बिघडण्याची भीती नाही, कारण तो बिघडलेलाच आहे. मुलींना आधी बसवावे. "हात लावू नकोस" हे त्यांना सर्वांत जास्त ऐकावे लागते.

ताईंच्या मुलीची परीक्षा वेळेवर झाली. निकाल यायचा आहे. पण त्या वस्तीत कोणाचा संगणक बंद पडला की आता आधी तिला हाक मारतात. परवा ताईंचा पुन्हा फोन आला. म्हणाल्या, "भाऊ, पोरीने काल शेजारच्या काकांचा कॉम्प्युटर चालू केला. पैसे देत होते, तिने घेतले नाहीत. म्हणाली, त्यापेक्षा तुमच्या नातीला बसवा माझ्याजवळ, तिलाही शिकवते."

जयभीम! नमो बुद्धाय!